परदेशांतील मास्तरकी

इंग्रजी शिकविण्याकरितां सयामांत गेलेल्या शिक्षकांपैकीं जिचें नांव साऱ्या जगांत झालें, ती बाई आपल्या नगरची होती, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस नवी वाटेल. तिचें नांव ॲना लिओनोवेन्स. इ. स. १८३१ च्या नोव्हेंबरांत अहमदनगरास तिचा जन्म झाला. (अहमदनगरास आतां अहिल्यानगर म्हणतात व सयामास थायलंड, ह्या लेखांत जुनीं-नवीं नांवें सोयीप्रमाणें येतील.) बाप कंपनीच्या लष्करांतील साधा सार्जंट, तो मुलगी जन्मण्यापूर्वींच वारला. आजी बहुधा हिंदी किंवा मिश्र वंशाची असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. पलटणींच्या वस्तींत वाढलेल्या ह्या मुलीनें १८४९ सालच्या नाताळच्या दिवशीं पुण्यास एका कारकुनाशीं लग्न लाविलें. पुढें ऑस्ट्रेलिया, तेथून पिनांग. आणि १८५९ मध्यें पिनांग येथें नवरा वारला. पदरीं दोन लहान मुलें. सिंगापुरास तिनें पोटासाठीं शाळा काढिली. १८६२ मध्यें सयामचा राजा मोंगकुट ह्यानें आपल्या मुलांना व अंतःपुरांतील स्त्रियांना इंग्रजी शिकविण्यासाठीं तिला बँकॉकला बोलाविलें, व तेथें तिनें पांच वर्षांहून अधिक काळ शिकविलें.

सिंगापुरास आल्यावर मात्र ह्या बाईनें आपला पूर्वेतिहास पुसून टाकिला. आपण वेल्समध्यें जन्मलों, आपले वडील कॅप्टन होते, माहेरचें नांव क्रॉफर्ड, असें ती सांगूं लागली. जन्मसालही तीन वर्षें पुढें सरकलें. १९१५ मध्यें ती वारली, तरी हीच हकीकत खरी म्हणून चालत राहिली. १९४४ मध्यें मार्गारेट लँडन ह्यांनीं तिच्यावर पुस्तक लिहिलें, १९५१ मध्यें त्यावरून संगीत नाटक निघालें, १९५६ मध्यें त्या नाटकाचा बोलपट झाला. खरा प्रकार उघडकीस आला तो १९७६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकानें. तें लिहिणारे ब्रिस्टो हे पेशानें इतिहासकार नव्हते. जाळीं विणणाऱ्या कोळ्यांचे ते अभ्यासक होते. शंभर वर्षांचें जाळें सोडवावयास असाच मनुष्य पाहिजे होता म्हणावयाचा!

ॲनाच्या खोटेपणास नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु ती खोटें कां बोलली, हें पाहूं गेलें तर आजच्या आमच्या विषयाचें मर्म हातीं येतें. तिचें इंग्रजी उणें होतें काय? मुळींच नाहीं, तिचीं पुस्तकें पुढें इंग्लंड-अमेरिकेंत लोकांनीं आवडीनें वाचिलीं. उणा होता तो जन्म. बराकींत वाढलेल्या, हिंदुस्थानांतल्या कोणा सार्जंटाच्या मुलीला ‘इंग्रज शिक्षिका’ म्हणून कोणी दारांत उभें केलें नसतें. गिऱ्हाइकाला भाषा हवी होती खरी, पण तीबरोबर रक्तही हवें होतें. आणि बाईनें तें जिन्नस पुरविलें.

हें सर्व आज सांगण्याचें कारण असें कीं, थायलंडांत इंग्रजी शिकवावयास जावें काय, असा प्रश्न हल्लीं आपल्या घरांतील पदवीधर मुलें-मुली विचारूं लागलीं आहेत. काका म्हणतात, पुण्यामुंबईस शाळा नाहींत कीं काय? आत्याबाईंना मुलीच्या एकटेपणाची काळजी. आजीबाईंचा प्रश्न सर्वांत व्यवहारी: तिकडे ती खाईल काय? मुलगी म्हणते, एक वर्षाचा तर प्रश्न. अशीं पत्रें आमच्याकडे येतात. आणि प्रत्येकास निराळें उत्तर लिहिण्यापेक्षां सर्वांस मिळून हें एकच उत्तर.

प्रथम त्या देशास इंग्रजीची गरज कां पडली, हें समजून घेतलें पाहिजे. कारण ती आपल्यापेक्षां अगदीं निराळ्या वाटेनें पडली. ब्रह्मदेश इंग्रजांनीं घेतला, कंबोडिया व लाओस फ्रेंचांनीं घेतले, सयाम मात्र कोणाच्याच राज्यांत गेला नाहीं. राजा मोंगकुट हा गादीवर येण्यापूर्वीं सत्तावीस वर्षें भिक्षु होता. विहारांत राहून तो फ्रेंच बिशपाकडून लॅटिन व अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्रजी शिकला. १८५५ मध्यें इंग्रजांशीं बाउरिंगचा तह झाला, व्यापाराचीं दारें उघडलीं, आणि पाश्चात्यांशीं त्यांच्याच भाषेंत बोलतां आलें नाहीं तर राज्य टिकणार नाहीं, हें त्यानें ओळखलें. राजवाड्यांत प्रथम मिशनऱ्यांच्या बायका शिकवीत. पण त्यांचा ओढा धर्मप्रसाराकडे. म्हणून ॲनाला बोलावितांना राजानें आधींच बजावून ठेविलें कीं, आम्हांस इंग्रजी विद्या पाहिजे, धर्मांतर नको. सौदा करणाऱ्यानें काय घ्यावयाचें व काय घ्यावयाचें नाहीं हें इतक्या स्वच्छपणें सांगितल्याचें दुसरें उदाहरण त्या काळच्या आशियांत आम्हांस सहसा आढळत नाहीं.

ह्याचा परिणाम आजवर दिसतो. तेथील कोर्ट-कचेऱ्या, पेढ्या, महाविद्यालयें थाई भाषेंत चालतात. आपल्याकडे इंग्रजी आली ती कारकुनाच्या खुर्चीबरोबर; पोटासाठीं ती शिकावी लागली आणि शिकतां शिकतां घरांत शिरली. थाई मुलाच्या घरांत ती शिरलीच नाहीं. १९९६ पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सक्तीचें झालें. पुढें २००७ मध्यें ‘आसियान’ संघाच्या सनदेवर सह्या झाल्या, तींत संघाच्या कामकाजाची भाषा इंग्रजी ठरली. तरी घंटा वाजून मूल वर्गाबाहेर पडलें कीं दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या कानांवर एक इंग्रजी वाक्य पडण्याची शाश्वती नाहीं. बारा वर्षें शिकूनही मुलें बोलत नाहींत, असा जो तेथें नित्य ओरडा होतो त्याचें मूळ येथें आहे. मुलें मंद नाहींत; त्यांना बोलण्याची गरज पडत नाहीं. आणि ही गरज उत्पन्न करील असा कोणी तरी परका मनुष्य वर्गांत उभा करावा, ह्या समजुतींतून परदेशी शिक्षकांची मागणी निघाली आहे.

आतां परका म्हणजे कोण? येथें ॲनाचें भूत पुन्हां उभें राहतें. शाळांच्या जाहिराती पाहाव्या. इंग्रजी ही ज्याची जन्मभाषा आहे असाच शिक्षक पाहिजे, असें त्यांत पुष्कळदां लिहिलेलें असतें. आणि जन्मभाषा म्हणजे काय, तर इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा मोजक्या देशांचा पासपोर्ट. फिलिपीन्समधील शिक्षक तेथें फार मोठ्या संख्येनें आहेत. ते मेहनती आहेत, पुष्कळांनीं अध्यापनाची रीतसर पदवी घेतलेली असते. तरी त्याच कामाला त्यांना गोऱ्या सहकाऱ्यापेक्षां कमी पगार देण्याची चाल सर्रास आहे. आपल्याकडून जाणारा उमेदवार त्यांच्याच पंक्तीला बसतो. त्यास इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात, आणि ते उत्तम असले तरी पुष्कळ शाळा त्याच्या अर्जास उत्तर देण्याचीही तसदी घेत नाहींत. शाळेच्या माहितीपत्रकावर गोरा चेहरा असला म्हणजे फी भरणाऱ्या आईबापांस समाधान वाटतें, हें त्यामागचें उघड गुपित. आपण ह्यावर रागावावें हें बरोबर. पण रागावण्यापूर्वीं आपल्याकडील विवाहाच्या जाहिरातींतील ‘गोरी’ हा शब्द आठवावा, म्हणजे राग थोडा बेतानें येईल.

ॲनाला जन्मस्थान लपवितां आलें. आजच्या मुलीला पासपोर्ट लपवितां येत नाहीं; पण आवाज लपवितां येतो, आणि तो लपविण्याचे वर्ग निघाले आहेत. कांहीं आठवड्यांत अमेरिकन उच्चार करून देऊं, असें ते सांगतात. आमचें स्पष्ट मत असें कीं ह्या फंदांत पडूं नये. उच्चार स्वच्छ असावेत, सर्वांस समजावेत, ह्याविषयीं दुमत नाहीं; ‘व’चे इंग्रजींतील दोन उच्चार आपण मराठी लोक एकच करतों, तो दोष मेहनतीनें घालवावा. परंतु सोंग आणून वर्गांत उभें राहणाऱ्या शिक्षकाचें निम्में लक्ष सोंग सांभाळण्यांत जातें, आणि मुलांना तें चटकन् कळतें.

खरें म्हणजे, जी भाषा आपण स्वतः घाम गाळून शिकलों ती शिकवितांना आपल्या हातीं असें कांहीं असतें, जें जन्मतः ती बोलणाऱ्याजवळ नसतें. थाई भाषेंत क्रियापद काळाप्रमाणें बदलत नाहीं. काल, उद्यां, झालें, अशा शब्दांनीं काळ कळतो. नामाला अनेकवचन नाहीं. इंग्रजी नामापूर्वीं जीं ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ हीं तीन शेपटें येतात, तीं थाईंत नाहींत आणि मराठींतही नाहींत. ‘द’ कोठें लावावा हें लंडनच्या मुलाला विचारा; तो म्हणेल, कानाला बरें लागतें तेथें. आपल्या मुलीस मात्र इंग्रजी पांचवींतली ती वही, मास्तरांची तांबडी शाई आणि नियम पाठ करूनही चुकलेलीं वाक्यें आठवतील. दगड कोठें आहे हें ठेंच लागलेल्यासच ठाऊक असतें.

उच्चाराचेंही तसेंच. थाई शब्दाच्या शेवटीं स, श, ल हे वर्ण उभे राहूंच शकत नाहींत. तेथें ‘स’चा ‘त’ होतो व ‘ल’चा ‘न’ होतो. म्हणून बसला ‘बात’ म्हणतात आणि फुटबॉलला ‘फुटबॉन’. ‘र’ बोलण्यांत वारंवार ‘ल’ होतो. नवखा शिक्षक हें ऐकून हंसतो किंवा चिडतो. ज्यास वर्णमाला कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ अशा क्रमानें पाठ आहे, त्यास हा दोष मुलाच्या बुद्धींत नसून जिभेच्या संवयींत आहे, हें तत्काळ कळतें. आणि जीभ कोठें टेंकवावी हेंही दाखवितां येतें.

आणि ती वर्णमाला थाई मुलाचीही आहे! ही गोष्ट आपल्या घरांतून जाणाऱ्या शिक्षकास जेवढी उपयोगी पडेल तेवढी दुसऱ्या कोणास पडणार नाहीं. थाई लिपींत ४४ व्यंजनें असून त्यांचा अनुक्रम क-वर्गापासूनच सुरू होतो. दक्षिण भारतांतील पल्लव लिपीपासून ख्मेर लिपी व तिच्यापासून ही लिपी, अशी परंपरा आहे. प्राथमिक वर्गांस ते ‘प्रथम’ म्हणतात व माध्यमिकांस ‘मध्यम’. व्याकरणास ‘वैयाकरण’ आणि शब्दकोशास ‘वचनानुक्रम’. उच्चार मात्र इतके बदललेले असतात कीं कानाला ओळख पटत नाहीं. बँकॉकच्या विमानतळावर ‘सुवर्णभूमि’ असें लिहितात आणि ‘सुवन्नफूम’ असें वाचतात. राजा मोंगकुटाचें नांव म्हणजे आपला मुकुट, आणि त्याचा मुलगा चुलालोंगकोर्न म्हणजे चूडालंकार. अभिमानानें छाती फुगवून ‘हें सारें आमचेंच’ असें तेथें म्हणत सुटूं नये, हें सांगावयास नकोच. त्यांनीं तें घेतलें, पचविलें, आतां तें त्यांचें आहे. शब्द शिकण्यास मात्र ह्याचा मोठा आधार होतो, आणि मुलांची भाषा शिकणारा शिक्षक मुलांस फार आवडतो.

शाळेंतील शिक्षकास ते ‘ख्रू’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला गुरु. महाविद्यालयांत ‘आचान’ म्हणतात, तो आपला आचार्य. शिक्षकांचा परवाना देणारी जी संस्था १९४५ च्या कायद्यानें स्थापन झाली तिचें नांव ‘खुरुसफा’, म्हणजे गुरुसभा. आणि त्या कायद्याच्या स्मरणार्थ १६ जानेवारी हा तेथें शिक्षकदिन पाळतात. परंतु खरा गुरुदिन निराळाच. शाळा सुरू झाल्यावर आरंभींच्या एखाद्या गुरुवारीं ‘वाइ ख्रू’ म्हणजे गुरुवंदन होतें. वार गुरुवारच, कारण तो बृहस्पतीचा. सर्व शिक्षकांस, परदेशी शिक्षकांससुद्धां, ओळीनें बसवितात. मुलें पालि भाषेंतील वंदना म्हणतात आणि गुडघ्यांवर येऊन तबकें अर्पण करतात. त्या तबकांत परंपरेनें काय असतें? दूर्वा, वांग्याचें फूल, ज्याला तेथें सुईफूल म्हणतात तें इक्सोराचें फूल, आणि भाताच्या लाह्या. दूर्वा अशासाठीं कीं तुडविल्या तरी पसरत जातात, तशी विद्या वाढावी. वांग्याचें फूल खालीं वांकलेलें असतें, म्हणून विनय. सुईफुलाची कळी अणकुचीदार, तशी बुद्धि. आणि लाह्या म्हणजे शिस्त, कारण तापलेल्या भांड्यांत एकत्र कोंडून घेतल्यावांचून दाणा फुलत नाहीं.

येथें आम्हांस थांबून एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. बावीस वर्षांची आपली मुलगी, हातीं कसलीशी पदवी आणि आंतरजालावर केलेल्या थोड्या तासांच्या वर्गाचें प्रमाणपत्र, अशी तेथें जाऊन बसते. आणि चाळीस-पन्नास मुलें तिच्यापुढें दूर्वा ठेवून डोकें टेंकतात. त्या नमस्काराची ती धनी आहे काय? पुष्कळ परदेशी शिक्षक तेथें एक वर्ष राहतात, समुद्र पाहतात, छायाचित्रें काढितात आणि निघून जातात. पुढल्या वर्षीं नवा चेहरा येतो आणि ‘तुझें नांव काय, तुझा आवडता रंग कोणता’ येथून पुन्हां आरंभ करितो. बँकॉकच्या महागड्या शाळांतील मुलांचें ह्यानें फारसें बिघडत नाहीं. त्यांना शिकवण्या असतात. ईशान्येकडील भातशेतीच्या प्रदेशांत, जेथें घरीं कोणास इंग्रजीचा गंध नाहीं, तेथील मुलांचें वर्ष मात्र फुकट जातें, आणि तें कोणी भरून देत नाहीं. तुमच्या मुलीचा ‘अनुभव’ ह्या मुलांच्या खर्चानें होत असतो.

म्हणून आमचें म्हणणें असें: जिला जावयाचें आहे तिनें आधीं एक वर्ष येथेंच, म्युनिसिपालिटीच्या किंवा खेड्यांतील शाळेंत, मोठ्या वर्गासमोर उभें राहावें. तेथें जिला गोडी लागली तिनें खुशाल जावें, बी.एड. करून गेली तर सोन्याहून पिवळें, आणि जावयाचें तर निदान दोन वर्षांच्या निश्चयानें जावें. तेथें कंटाळा आला तिनें सयाम पाहावयास आठ दिवस जावें. देश सुंदर आहे.

आत्याबाईंच्या काळजीस आम्ही खोटी म्हणत नाहीं. थायलंडांत नोकरी म्हणून बोलावून, सीमेपलीकडे म्यानमारमध्यें कोंडून, तरुणांकडून आंतरजालावरील फसवणुकीचीं कामें बळजबरीनें करून घेणाऱ्या टोळ्या निघाल्या. आपल्या सरकारनें २०२२ मध्येंच ह्याविषयीं सूचना प्रसिद्ध केली होती, आणि मार्च २०२५ मध्यें तेथून सुटलेल्या सुमारें साडेपांचशे भारतीयांस विमानानें परत आणावें लागलें. तीं आमिषें बहुतेक संगणकाच्या नोकऱ्यांचीं होतीं, मास्तरकीचीं नव्हेत. तरी खूण एकच. जो दलाल सांगेल कीं प्रवासी म्हणून या, कागदपत्रें मागाहून करूं, त्याच्याशीं बोलणें तेथेंच संपवावें. पर्यटक म्हणून गेलेल्यास तेथें काम करण्याचा हक्क नाहीं. शाळेनें आधीं करारपत्र द्यावें, त्यावर नोकरीचा व्हिसा, तेथें गेल्यावर कामाचा परवाना, आणि गुरुसभेचा परवाना किंवा शाळेमार्फत मिळणारी मुदतीची तात्पुरती परवानगी, असा हा क्रम आहे. शाळा खरोखर आहे कीं नाहीं हें तेथें शिकवून आलेल्या दोघांना तरी विचारावें.

आणखी एक सावधगिरी. तेथील फौजदारी कायद्याच्या ११२ व्या कलमान्वयें राजघराण्याच्या अपमानास तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे. ॲनाच्या पुस्तकांत राजवाड्याविषयीं जें तिखटमीठ लावलेलें आहे त्यावर पुढील इतिहासकारांनीं पुष्कळ आक्षेप घेतले आहेत, आणि तिच्यावरील बोलपटास त्या देशांत बंदी झाली. सबब नगरच्या ह्या बाईची कथा, आम्ही येथें सांगितली तशी, तेथील शिक्षकांच्या खोलींत रंगवून सांगूं नये. मुलाच्या डोक्यावर कौतुकानेंही हात ठेवूं नये; डोकें तेथें पवित्र मानतात. पाय कोणाकडे करूं नयेत, हें आपल्या मुलांस घरींच ठाऊक असतें.

आजीबाईंना एवढेंच कळवितों कीं मासळीचें खारवलेलें पाणी, ज्याला तेथें ‘नाम प्ला’ म्हणतात, तें बहुतेक प्रत्येक पदार्थांत असतें. भाजी दिसली म्हणून ती भाजीच असेल असें समजूं नये. शाकाहारास त्यांचा शब्द ‘मांसविरति’ हाच आहे, उच्चार ‘मांगसविरत’. त्याहून सोपा शब्द ‘चे’. ह्या चिनी बौद्ध पद्धतीच्या जेवणांत मांस, मासे, अंडीं, दूध तर नाहींच, पण कांदा-लसूणही नसतो. पिवळ्या निशाणावर लाल अक्षरांत तो शब्द लिहिलेला असतो. चातुर्मास पाळणाऱ्यासही तेथें उपाशी राहावें लागणार नाहीं. मेतकुटाचा डबा मात्र बरोबर द्यावा.

शाळा मेच्या मध्यास उघडतात व मार्चपर्यंत चालतात. मध्यें ऑक्टोबरांत सुट्टी. फळ्यावरील तारखेंत बुद्धसंवत् असतें, तें ख्रिस्ती सनांत ५४३ मिळविलें म्हणजे निघतें. मेमध्यें रुजू व्हावयाचें तर अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येंच गेले पाहिजेत. त्यापूर्वीं पदवीचें मूळ प्रमाणपत्र, विद्यापीठाची गुणपत्रिका व पोलिसांचा दाखला हीं तीन तरी हातीं असावींत, कारण आपल्याकडे दाखला मिळावयास किती दिवस लागतात हें आम्हीं वाचकांस सांगावें असें नाहीं.